मालवणात आठ दिवस घर घ्यायचंय? समुद्र किती जवळ ते शेवटी विचारा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला अन् मग लिहायला बसले. तुम्ही दर्यापूरकडचे, घरचे आठ जण, त्यात आई-बाबा सत्तरीच्या पुढचे अन् दोन लहान पोरं. मालवणला आठ दिवस छोटं घर भाड्यानं पाहिजे, हॉटेल नको काहून की आई-बाबा माळकरी आहेत अन् बाहेरचं फारसं खात नाहीत. आईनं आजवर समुद्र पाहिला नाही. मोबाईलवर एक 'सी टच' घर दिसलं, फोटो लय सुंदर, पण मालक पूर्ण पैसे आधी टाका म्हणून राहिला. घेऊ का, एवढंच तुम्ही विचारलं.

आज पैसे टाकू नका. घर खोटंच असेल असं मी म्हणत नाही, खरंही असू शकते. पण तुम्ही त्या घराबद्दल जे सांगितलं त्यात समुद्र, झोपाळा अन् माडाची झाडं एवढंच आहे. संडास कुठं, पाणी कसं, पायऱ्या किती, चूल-गॅस कोणाचा, यातलं काहीच नाही. अन् तुमच्या घरच्या माणसांसाठी खरा प्रश्न तोच आहे.

मी पुलगावजवळ राहते. आधी मेस चालवत होते, अन् २०११ पासून दर हिवाळ्यात आपल्या भागातली कुटुंबं घेऊन कोकणात जाते. दहा-बारा माणसं, एक नाहीतर दोन छोटी घरं भाड्यानं, अन् स्वयंपाक माझा. बहुतेक मालवण, तारकर्ली, आचरा, देवबाग, दोनेकदा गुहागर अन् दापोलीही. म्हणून मी जे सांगते ते मुख्यतः मालवणच्या आजूबाजूचं धरा, अलिबागकडचं भाडं अन् गर्दी वेगळी असते.

पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखंच समुद्र पाहून घर घेतलं होतं. पोहोचलो रात्री नऊला. घर खरंच समुद्राला लागून, लाटांचा आवाज खाटेपर्यंत येत होता. पण संडास परसात, वीस-पंचवीस पावलं लांब, मधात चिऱ्याच्या चार पायऱ्या, त्याही ओल्या, अन् बल्ब नाही. सकाळी तुरीची डाळ लावली तर नऊ शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच कडक. चहाची चव काहीतरीच. दुसऱ्या रात्री आमच्यातल्या एक काकू त्या पायऱ्यांवरून घसरल्या, मनगट मुरगळलं, पुढचे चार दिवस त्या ओसरीवर बसून राहिल्या. मालकानं काही लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून समुद्र किती जवळ हा प्रश्न मी शेवटी विचारते.

पाण्यापासूनच सुरू करते, कारण आपल्याइकडच्या माणसाला हे लवकर लक्षात येत नाही. आपल्याला वाटते कोकणात एवढा पाऊस, तिथं पाण्याची काय कमी. पाऊस भरपूर पडतो, पण उताराची जमीन अन् जांभा दगड, बरंचसं पाणी वाहून जाते. किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यात तर खाली खारं पाणी असते अन् त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. विहिरीवर मोटर बसवून जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर यायला लागते. म्हणून एकाच गल्लीत एका घराची बाव गोड अन् दुसऱ्याची मचूळ असं होते. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जाल तेव्हा आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारा समुद्र अन् मधात गोडं पाणी. तेव्हा समुद्राजवळ आहे म्हणजे पाणी खारंच असंही नाही. घराघराचं वेगळं, अन् महिन्या-महिन्याचंही वेगळं. जानेवारीत चांगली असलेली बाव मे महिन्यात मचूळ लागू शकते.

यासाठी मी फोनवर एकच प्रश्न विचारते, अन् तो मालकाला नाही, मालकाच्या बायकोला: "काकू, डाळ कोणत्या पाण्यात शिजवता?" पाणी चांगलं आहे का असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. डाळीचं विचारलं की खरं उत्तर येते. कोणी म्हणते बावीचंच, कोणी म्हणते नळाचं भरून ठेवतो, कोणी म्हणते पिण्याचे जार आणतो. जार आणत असतील तरी चालते, पण मग आठ माणसांचे आठ दिवस रोज किती जार लागतील अन् पैसे कोणाचे ते आधीच ठरवून घेजा. जड पाण्यात तूर शिजत नाही हे तुमच्या घरच्या बायांना सांगायची गरज नाही.

दुसरं संडास-बाथरूम. आठ माणसांना एक पुरत नाही, दोन पाहिजेत, अन् त्यातला एक तरी घराच्या आतून जाता येईल असा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीसारखा बसायचा संडास पाहिजे, हे विचारायला लाजू नका. तिकडची जुनी घरं चिऱ्याची, वर कौलं, जोतं उंच असते. खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, पडवीत, पडवीतून माजघरात, प्रत्येक ठिकाणी पायरी नाहीतर उंबरठा. दिसायला फार छान, अन् मला स्वतःला तीच घरं आवडतात, उन्हाळ्यात आत गार राहते. पण सत्तर वर्षांच्या माणसाला रात्रीच्या अंधारात प्रत्येक उंबरठा मोजून पार करायचा असतो. म्हणून मी व्हिडिओ कॉल करायला लावते, अन् सांगते की जिथं आजी झोपणार त्या खाटेपासून संडासापर्यंत चालत जा अन् फोन खाली धरा. घर खरं आहे का खोटं हे यातच कळते. खऱ्या मालकाला नेटवर्कची अडचण असेल, तो म्हणेल संध्याकाळी करतो, पण करतो. ज्याच्याजवळ घरच नाही तो फोटोच पाठवत राहते.

आता पैशाचं. पूर्ण रक्कम आधी मागणं म्हणजे फसवणूकच असं नाही. २५ डिसेंबर ते १ जानेवारीच्या आठवड्यात तिकडचे बरेच मालक अर्धे नाहीतर पूर्ण पैसे आधी घेतात, कारण लोक तीन ठिकाणी बुक करून एकाच ठिकाणी जातात अन् त्यांचं ऐन सीझनचं घर रिकामं राहते. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. पण साध्या दिवसांत मी पाव हिस्सा आधी देते, बाकी पोहोचल्यावर घर पाहून. देताना खात्यावर नाव कोणाचं येते ते पाहजा. घर एकाचं अन् पैसे तिसऱ्याच्याच नावावर जात असतील तर थांबा अन् विचारा. पुष्कळदा पोराचं किंवा सुनेचं खातं असते, ते ठीक आहे, पण त्यांना सांगता आलं पाहिजे. विजेच्या बिलाचा फोटो मागितला तर चांगला मालक देतो. अन् कोणी म्हटलं की ॲडव्हान्स परत करायला हा कोड स्कॅन करा, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला कधी स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. असं काही झालंच तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे मिळायची आशा कमी.

जागा कोणती घ्यायची हे मात्र तुमच्या घरावर आहे, मी इथं बसून नक्की सांगू शकत नाही. तरुण पोरांचा ग्रुप असता तर मी देवबाग म्हटलं असतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधात चिंचोळी पट्टी, त्यातल्या काही घरांतून दोन्हीकडचं पाणी दिसते. तसं ठिकाण मी दुसरं पाहिलं नाही. पण रस्ता एक, तोही अरुंद, अन् दवाखाना, मोठा बाजार, औषधं सगळं मालवणात. बाबांची बीपीची गोळी संपली तर जाऊन-येऊन तास-दीड तास गेला. आई-बाबा सोबत आहेत म्हणून मी मालवण गावातलं नाहीतर चिवला बीचच्या बाजूचं घर पाहीन. तिथून बाजार, एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालय जवळ, अन् चिवल्याचं पाणीही बहुतेक वेळा शांत असते. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटर, एक दिवस रिक्षानं जाऊन या. पूर्ण शांतताच पाहिजे असेल तर आचरा, तोंडवळीकडची घरं पाहा, पण मग स्वतःची गाडी पाहिजे.

'सी टच' या शब्दावर फार जाऊ नका. समुद्र पाच-दहा मिनिटं चालत असला तर भाडं बरंच खाली येते, खारा वारा थोडा कमी लागते, पाणीही बहुधा बरं मिळते. अन् तसंही तुम्ही दिवसातून दोनदाच जाणार, सकाळी अन् संध्याकाळी.

कधी जायचं हे तुम्ही लिहिलं नाही, अन् भाड्याचं अर्धं गणित तिथंच आहे. दिवाळीच्या सुट्ट्यांत पोरांना सोयीचं, पण गर्दी, अन् कधी कधी समुद्र बिघडलेला. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळ आलं तेव्हा त्या किनाऱ्यावर पाणी चढलं होतं, पाऊसही होता. नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्याकडं कापसाची वेचणी, मग तूर काढणी, घर सोडून कोण येणार? नाताळच्या आठवड्यात मुंबई-पुणे अन् कोल्हापूर-बेळगावकडची सगळी माणसं तिथं. म्हणून शेतकऱ्याच्या घराला मी जानेवारीचा मधला काळ सांगते, संक्रांत झाल्यावर ते २६ जानेवारीच्या सुट्टीआधी. तूर घरात आलेली असते, हवा चांगली, भाडं उतरलेलं. मागच्या वेळी मी दोन खोल्या, स्वयंपाकघर अन् दोन संडास-बाथरूम असलेलं घर जानेवारीत दिवसाला ३,००० रुपयांनी घेतलं, त्याच घराचे नाताळात ५,५०० सांगत होते. पोरांची शाळा बुडते हे खरं, लहान वर्गात असतील तर सर-मॅडमशी बोलून घ्या, दहावी-बारावीचं कोणी असेल तर हा सल्ला सोडून द्या.

दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवजा. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा मालवण तालुक्यातच भरते, लाखो लोक येतात, अन् तिची तारीख कॅलेंडरवर ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरवतात. बहुतेक फेब्रुवारीच्या आजूबाजूला येते. ती तारीख आधी विचारून घ्या, त्या चार दिवसांत घर मिळतच नाही. दुसरं म्हणजे गणपती, शिमगा अन् मे महिना. तेव्हा मुंबईचे चाकरमानी आपापल्या घरी येतात. तुम्हाला भाड्यानं मिळणारं घर हे त्यांचंच घर असते, तेव्हा ते देणार नाहीत, अन् दिलं तरी दाटीवाटीत. पावसाळ्यात तर विचारूच नका, मेअखेर ते ऑगस्टअखेर किल्ल्याच्या बोटी अन् पाण्यातले खेळ बंद असतात, जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. अर्धं गाव झाकलेलं असते.

मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी एक सांगते, काहून की दरवर्षी कोणीतरी विचारते, "ताई, कुलर आहे का तिथं?" कुलर तिथं कामाचा नाही. कुलर पाणी उडवून हवा गार करतो, आपली हवा कोरडी म्हणून ते जमते. तिकडं हवेत आधीच एवढा दमटपणा की कुलर लावला तर खोली आणखी चिकट होते. उन्हाळ्यात एक तर एसी, नाहीतर समोरासमोर खिडक्या असलेलं घर. जानेवारीत पंखा पुरतो.

आठ दिवसांत एक शनिवार-रविवार येणारच. दुसरा येऊ देऊ नका. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर त्यांचा धंदा चालतो, त्यामुळं रविवारी संध्याकाळी पोहोचून पुढच्या सोमवारी निघायचं असं काही केलं तर मालक खुशीनं भाव कमी करतो, रिकामे दिवस भरतात त्याचे. पण हे गाडीवर अवलंबून, अन् इथंच आपले लोक उलटं करतात. आधी घर बुक करतात, मग तिकीट पाहतात. नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोनच दिवस चालते, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, अकोला असं करत पनवेलवरून कोकण रेल्वेत जाते, तुम्हाला बडनेरा नाहीतर अकोला सोयीचं. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. ही स्पेशल गाडी आहे, मुदत वाढत वाढत चालते, म्हणून चालू आहे का अन् कोणत्या वारी आहे ते आधी पाहा. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडते. तेव्हा साठाव्या दिवशी तिकीट काढा, जायचं अन् यायचं दोन्ही, त्याच दिवशी मालकाला पैसे पाठवा. त्याच्या आधी फक्त बोलून ठेवा. रेल्वेनं नाही, रस्त्यानं स्वतःच्या गाडीनं जायचं म्हणत असाल तर कोल्हापूरला एक रात्र थांबल्याशिवाय आई-बाबांना नेऊ नका, एका दमात कंबर जाते, अन् पुढं घाट उतरायचा तो दिवसाउजेडी उतरा.

आता चुलीचं, जे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिकडं बहुतेक घरगुती ठिकाणी मालकाचं घर बाजूलाच असते अन् जेवण त्यांच्याकडून येते. 'घरगुती निवास व भोजन' अशा पाट्या जागोजागी दिसतील. जेवण चांगलं असते, शाकाहारीही करतात, पण भांडी तीच. आई-बाबा माळकरी, तेव्हा हे आधी मोकळेपणानं बोला: "आमच्या घरात माळ आहे, आम्हाला स्वयंपाकघर वेगळं पाहिजे, भांडी आम्ही आणतो." याचा तिकडं कोणाला राग येत नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातही सोमवार-गुरुवार पाळणारे पुष्कळ असतात. मात्र आपणही तिथं जाऊन मासळीच्या वासावर नाक मुरडायचं नाही, सुकत घातलेली मासळी हे त्यांचं पीक आहे, आपल्या अंगणातल्या तुरीसारखं. आईला वास सहन होत नसेल तर घर घेतानाच विचारजा की शेजारी मासळी वाळवतात का.

कुकर, तवा, एक कढई, दोन पातेली, झाऱ्या एवढं इथून नेते मी. ज्वारीचं पीठ नेते, तिकडं भाकर तांदळाची, अन् आपल्या म्हाताऱ्या माणसाचं ज्वारीच्या भाकरीशिवाय पोट भरत नाही. तूरडाळ, तिखट, फल्लीचे दाणे घरचेच. भाजी तिथं मिळते, सांभार, म्हणजे कोथिंबीर, मात्र रोज ताजा मिळेलच असं नाही. डबे घट्ट झाकणाचे न्या, पापड-शेव एका रात्रीत सादळते. गॅस मालकाचा, पण सिलिंडर कोणाच्या पैशाचा ते ठरवून घ्या. रेल्वेत सिलिंडर नेऊ नका, मनाई आहे, अन् आपले लोक छोटं सिलिंडर गोणपाटात बांधून नेतात ते मी डोळ्यांनी पाहिलं, एका डब्यात किती माणसं असतात त्याचा विचार करत नाहीत. पहिल्या संध्याकाळचं जेवण मात्र मालकाकडूनच सांगा, एवढ्या प्रवासानंतर कोणाच्या अंगात जोर नसतो. घावन, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी सांगा, काकूंना भांडी वेगळी घासून घ्यायला सांगितलं की त्या करतात. एक दिवस शिरवाळे नारळाच्या रसात करून मागा, आईला नक्की आवडतील, आपल्या शेवयांच्या जवळचाच प्रकार.

घर ठरलं की मी मालकाला एक मेसेज टाकते अन् त्याच्याकडून 'ठीक आहे' असं लिहून घेते. असा: "१८ जानेवारी संध्याकाळपासून २६ जानेवारी सकाळपर्यंत, ८ जण, दोन खोल्या, दोन संडास-बाथरूम, एक आत. स्वयंपाकघर आमच्याकडं, गॅस धरून रोज अमुक रुपये. पिण्याचं पाणी तुमच्याकडून. इतका ॲडव्हान्स आज दिला. गाडी रद्द झाली तर तारीख बदलून द्याल." तारखा तुमच्या टाका. आठ दिवसांसाठी करारनामा वगैरे कोणी करत नाही, एवढं लिहिलेलं पुरते. पण आई-बाबांना तिथली हवा मानवली अन् पुढच्या वर्षी दोन-तीन महिनेच राहू द्या म्हटलं, तर मग गोष्ट वेगळी. तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार करा अन् तो रजिस्टर करा. अकरा महिन्यांच्या आत असला की रजिस्टर करायची गरज नाही असं लोक सांगतात, ते आपल्या राज्यात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी अन् नोंदलेला पाहिजे, अन् नोंदवायची जबाबदारी घरमालकावर आहे.

समुद्राबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही, कारण आपली माणसं समुद्राला नवीन असतात. भरती-ओहोटीचं गणित तिथल्या एका मच्छीमार काकांनी मला शिकवलं अन् ते पंचांगावर चालते, तुमच्या बाबांना लगेच समजेल. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अन् त्याच्या सहा तास आधी-मागं ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला सहाला भरती, बारा वाजता ओहोटी. अमावास्या-पुनवेला सव्वाअकराला, अन् त्या दोन दिवसांची भरती मोठी. अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होते, पण दिवस आखायला पुरते. रोज पाऊण तासाच्या वर उशीर होत जाते.

हे आईसाठी कामाचं आहे. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, सिमेंटसारखी, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालता येते. भरतीला फक्त वरची कोरडी भुसभुशीत वाळू उरते, त्यात पाय रुततो. म्हणून शक्य असेल तर तिथी पाहून जा. चतुर्थी-पंचमी-षष्ठीला सकाळी नऊ-साडेदहाच्या दरम्यान ओहोटी मिळते, त्रयोदशीच्या आजूबाजूला संध्याकाळी चार-साडेचारला.

पोरांना मात्र ओहोटीच्या पाण्यात सोडू नका. पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही, हात धरून, अन् अंधार पडायला लागला की बाहेर. मोठ्यांनाही सांगते. आपल्याइकडं विहिरीत अन् वर्धा-पूर्णेत पोहायला शिकलेले लोक म्हणतात मला पोहता येते. विहिरीला काठ जवळ असते, अन् पाणी जागेवर असते. समुद्रात कधी कधी एक पट्टा सरळ आत ओढते, त्याच्याविरुद्ध हात मारून माणूस थकते. तसं झालं तर किनाऱ्याकडं जायची धडपड सोडून किनाऱ्याला समांतर पोहायचं, त्या पट्ट्यातून बाहेर पडलं की मग किनाऱ्याकडं यायचं. हे घरातल्या तरुण माणसांना निघायच्या आधीच सांगा, तिथं पोहोचल्यावर कोणी ऐकत नाही. अन् माडाखाली पोरांना बसवू नका, गाडीही लावू नका, नारळ नाही पडला तर झावळी पडते.

त्या 'सी टच' वाल्याला आज संध्याकाळी फोन करा, व्हिडिओवर खाटेपासून संडासापर्यंत चालायला सांगा, अन् घरातल्या बाईशी डाळीच्या पाण्याचं बोला. दोन्ही जमलं अन् जानेवारीची तारीख मिळाली तर पाव हिस्सा देऊन घ्या, नाही जमलं तर चिवल्याच्या बाजूला घरं आहेत, फोनवर चार ठिकाणी विचारलं की एक मिळतेच. जे कोणतं घ्याल त्या मालकाला आणखी एक विचारजा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बीचवर नेऊ देतो का. सकाळी चिवल्यावर रापण ओढायला माणसं येतात, दोन्ही बाजूंनी दोर धरून पंचवीस-तीस जण जाळं बाहेर ओढतात, तास-दीड तास चालते. आईला वाळूत बसून उठता येणार नाही, खुर्ची असली तर ती शेवटपर्यंत पाहील.